तिसऱ्या जोडावर

वहिनी कुठवर पोचली हे मला मान वर न करता कळायचं. माझ्यासमोर लॅपटॉपवर चार आकडे असायचे, मनोऱ्यावर चार उंचींना लावलेल्या चार वाट्यांचे. वाटी म्हणजे दांड्यावर गरगर फिरणारे तीन अर्धगोल. वारा वाढला की फेऱ्या वाढतात. पण माणूस वाऱ्याच्या वाटेत आलं की त्याच्या आडोशाने वाटी मंदावते. वहिनी चढू लागली की आधी खालचा आकडा पडायचा आणि सावरायचा, मग त्याच्या वरचा. एक खळगा हळूहळू मनोरा चढत जायचा. ते बघायला मला फार आवडायचं. मनोऱ्याकडे बघायला आवडायचं नाही, कारण नुसतं खालून बघितलं तरी माझ्या तळपायांना घाम येतो.

पवनचक्क्या उभारण्याआधी तिथे वर्षभर वारा मोजतात, ते आमचं काम. उघड्या माळावर तिकोनी सांगाड्याचा बारीक मनोरा, चहूबाजूंनी पोलादी दोरांनी ताणून धरलेला, जवळजवळ चाळीस मजली इमारतीएवढा उंच. वर जाते वहिनी. ती मूळची इलेक्ट्रिशियन. मी भौतिकशास्त्राची पदवी घेतलेला तिचा धाकटा दीर, खाली बसून आकडे बघणारा. मला नोकरीही तिनेच लावली. माझा दादा, म्हणजे तिचा नवरा, घरचा बल्ब बदलताना स्टूल धरून उभा राहतो, चढते ती. "तुम्हा दोघा भावांना देवाने जमिनीला चिकटवून पाठवलंय," असं ती येईल त्या पाहुण्याला सांगते.

मनोऱ्याच्या अंगाने एक तार गेलेली असते. चढणाऱ्याच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेली एक क्लिप तिच्यावरून सरकत जाते. झटका बसला की क्लिप तारेला चावते आणि सोडत नाही, म्हणून आम्ही तिला मुंगळा म्हणतो. तार सलग नसते, तिचे चार तुकडे असतात. जिथे तुकडा संपतो त्या जोडावर थांबायचं, कमरेच्या आखूड दोराचा हूक सांगाड्यात अडकवायचा, मुंगळा एका तारेवरून काढून दुसरीवर घालायचा, मग हूक सोडायचा. काहीही सोडण्याआधी वरच्याने वॉकीटॉकीवर म्हणायचं, "एक सोडतो." खालच्याने विचारायचं, "एक आहे?" वरच्याने उरलेल्यावर हात ठेवून, डोळ्यांनी बघून सांगायचं, "एक आहे." आणि दुसऱ्याच्या हुकाला कधी हात लावायचा नाही.

त्या दिवशी तिने सगळ्यात वरची वाटी बदलली. नवा आकडा आला, मी तसं कळवलं, ती उतरू लागली. वरचा आकडा सावरला. तिसऱ्या जोडापाशी तिसरी वाटी आहे. तिचा आकडा पडला. आणि पडलेलाच राहिला.

मी "एक सोडते"ची वाट बघत बसलो. ते आलं नाही. विचारलं तर ती जरा थांबा म्हणाली, भाजी निवडताना कुणी हाक मारावी तशा आवाजात. मी थांबलो. वरच्या वाटीचा वारा मात्र वाढत होता. आणखी थोडा वाढला की मनोऱ्यावर कुणी राहायचं नाही असा नियम आहे.

"वहिनी, मुंगळा अडकलाय का?"

"नाही. सगळं नीट आहे. दोन्ही अडकवलेत."

"मग?"

"सोडायला हात जातोय, भावजी. पण एक नाही, दोन्ही सोडावेसे वाटतायत."

मी मान वर केली. सांगाड्याला चिकटलेला एक नारिंगी ठिपका दिसला.

मग ती सविस्तर बोलली. हे आजचं नव्हतं, काही महिन्यांचं होतं. पहिल्यांदा वाटलं तेव्हा तिला मजाच वाटली होती. काचेच्या सामानाच्या दुकानात एखादी मांडणी ढकलून द्यावीशी वाटते, तसं. वर गेल्यावर सगळं जग इतकं खाली आणि इतकं गप्प असतं, की त्यात उतरायला एवढा लांबचा रस्ता कशाला, असं मनात येऊन जायचं. ती थांबायची, ते ओसरायचं, ती उतरायची. आज ओसरत नव्हतं.

"आणि मला मरायचं नाहीये हो," ती म्हणाली. "घरी कपडे भिजत टाकून आलेय."

मला याबद्दल माहीत होतं. मी तिला सांगितलं की शरीर धोका ओळखून आधीच मागे सरतं आणि मेंदू त्याचा अर्थ नंतर लावतो: मी मागे सरले, म्हणजे मला उडी मारायची होती की काय. धडधाकट, सुखी माणसांनाही हे होतं. म्हणजे ही ओढ नव्हेच, चुकीच्या भाषेत वाजणारी धोक्याची घंटा आहे. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पटलं," ती म्हणाली. "पण हाताला पटत नाहीये."

ऑफिसला फोन करतो म्हटल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. सुटकेचं पथक यायला दोन तास लागतील आणि वारा तेवढा थांबणार नाही, हे एक. दुसरं म्हणजे तिचं उंचीचं कार्ड, म्हणजे वर चढायचा परवाना, जाईल. एकदा वरून उतरवून आणलेल्या माणसाला परत वर सोडत नाहीत. "मग मी काय करू? तुमच्या दादाच्या सदऱ्यांना बटणं लावू? मला वर जायला आवडतं, भावजी. अजूनही. तीच तर पंचाईत आहे."

मी आकड्यांकडे बघत राहिलो. गणित सोपं होतं. हूक आणि तो सोडणारा हात एकाच माणसाचे होते, अडचण तेवढीच होती. हात दुसऱ्याचा असता तर अडचणच नव्हती. उंचीचं कार्ड माझ्याकडेही होतं. सगळ्यांनाच काढावं लागतं. मी ते एका हॉलमधल्या लुटुपुटूच्या मनोऱ्यावर, खाली गाद्या टाकून मिळवलं होतं.

मी वर येतोय म्हटल्यावर ती पहिल्यांदा हसली. "तुम्ही? मग स्टूल कोण धरणार?"

चढण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मी समोरच्या गजाकडे बघत राहिलो, मग पुढच्या गजाकडे. पहिल्या जोडावर थांबून "एक सोडतो" म्हणालो आणि लक्षात आलं की खाली विचारायला कुणीच नाही. तेवढ्यात वॉकीटॉकीत आवाज आला, "एक आहे?" वरून. मी हुकावर हात ठेवला, बघितलं. "एक आहे."

दुसऱ्या जोडानंतर पोलाद गुणगुणत होतं. कानाला नाही, दातांना ऐकू येत होतं. मनोरा हलत होता आणि तो हलायलाच हवा, हे मला पुस्तकी का होईना, माहीत होतं. खाली लॅपटॉपवर आता माझाही खळगा चढत असेल आणि तो बघायला कुणी नाही, असा एक निरुपयोगी विचार मनात आला.

वहिनी दोन्ही बंधनांवर भार टाकून, गाल पोलादाला टेकवून उभी होती. दोन्ही हात काखेत गच्च घातलेले. शाळेत शिक्षा झालेल्या मुलीसारखे.

"या," ती म्हणाली. "चहा नाही मिळायचा."

मी माझा हूक अडकवला आणि वर हात घालून तिचा मुंगळा धरला. "एक सोडतो." तिने डोळे मिटले. आहे का ते तुम्हीच बघा, म्हणाली. मी बघितलं, बोललो, मुंगळा खालच्या तारेवर घातला, मग तिचा हूक सोडला. एका तारेवर दोघांनी येऊ नये असाही नियम आहे. तो मोडून, मी पुढे, ती मागे, असे उतरू लागलो. गज धरायला तिचे हात नीट चालत होते. जोड आला की ती ते परत काखेत घालायची. दुसरा जोडही तसाच पार पडला.

पहिल्या जोडावर मी आधी माझा मुंगळा काढला. तो डाव्या हातात होता. आता मला धरून होता तो फक्त कमरेचा हूक. त्याला चुकून उघडू नये म्हणून दोन खटके असतात, दोन्ही एकदम दाबावे लागतात. माझा उजवा अंगठा त्यातल्या एकावर होता. मी तो तिथे ठेवला नव्हता. खटका दबलेला होता.

भीती वाटली असती तर बरं झालं असतं. मला छान वाटलं. दिवसभर पायात असलेल्या बुटाची नाडी सुटावी, तसं. खालचं गवत वाऱ्याने एका बाजूला झुकत होतं, आणि दुसरा खटका जवळच होता.

"एक आहे?" वहिनीने वरून विचारलं.

माझी नजर गवतावरच होती.

"भावजी. एक आहे?"

मग एक हात खाली आला, काखेतला, गरम. त्याने माझा अंगठा धरला आणि उचलला. "काढ," ती म्हणाली. "काढ तिथून." तिने मला आजवर कधी एकेरीत हाक मारली नव्हती. माझ्या डाव्या हातातला मुंगळा घेऊन तिने खालच्या तारेवर घातला, खट् असा आवाज झाला, आणि मग माझा हूक तिनेच सोडला. स्वतःच्या हुकाला न लागू शकणारा तोच हात. त्यानंतर मी तिचा मुंगळा खालच्या तारेवर घातला आणि तिचा हूक सोडला.

जमिनीवर आम्ही जीपच्या चाकाला टेकून बसलो. पट्टे अंगावरच होते. आकडे उशिराने ऑफिसातही पोचतात, तिथून साहेबांचा फोन आला. तिसऱ्या वाटीचा आकडा इतका वेळ पडलेला का होता, वाटी बिघडलीय का, असं ते विचारत होते. मी काहीतरी रचू लागलो, तेवढ्यात वहिनीने फोन घेतला.

"वाटी चांगली आहे, साहेब. मी उभी होते तिथे. आता एकटीला भीती वाटते. वर दोघं हवेत."

साहेब बराच वेळ हसले. तुम्हाला आणि भीती, म्हणाले. मग हवं तर दिराला घेऊन जा बरोबर, त्याच्याकडेही कार्ड आहेच की. पुढच्या आठवड्यात पलीकडचा मनोरा होता, याच्याहून उंच.

फोन ठेवून ती गवताची काडी तोडत बसली. "खोटं बोलले असते तर चौकशी केली असती," ती म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल."

"मग तू काय करशील?"

"जाईन."

मी नाही म्हणालो नाही. हो असंही म्हणालो नाही, पण ते कुणी विचारलंच नाही.

जीप तिने चालवायला घेतली. मी बाजूला बसलो, सीटबेल्ट लावला. मोठ्या रस्त्याला लागल्यावर, समोरून नजर न हटवता, ती म्हणाली, "भावजी, हात मांडीवर ठेवा."

मी खाली बघितलं. अंगठा बेल्टच्या लाल बटणावर होता. मी दोन्ही हात काखेत घातले.