हळद आणि अर्धं घर

सोळा वर्षं चिंधी जैतूच्या घरात राबली, पण तिच्या अंगाला हळद लागली नव्हती. सुकापूरमागच्या त्या वाडीत याचं कुणाला नवल नव्हतं. लग्नाला खर्च लागतो आणि माणसं अर्धं वर्ष वीटभट्टीवर. मग दोघं एकत्र राहायची, पोरं व्हायची, हळद राहून जायची. रीत एकच होती. पोरीला हळद लागण्याआधी आईबापांनी आपली उरकून घ्यायची.

जैतूने त्याआधीच भामाला आणलं. नवीन पनवेलच्या इमारतींवर कामाला होता, तिथे सूत जुळलं आणि एक दिवस स्वारी तिला घेऊनच दारात उभी राहिली. चिंधी पोरीला, रूपाला घेऊन भावाच्या पडवीत गेली. भट्टीवरच्या तुटक्या विटा डोक्यावर वाहून जे घर तिने उभं केलं, तिथे आता भामा भाकऱ्या थापू लागली.

चिंधीने वाडीचे पंच बसवले. म्हातारा काशिराम म्हणाला, "काडीमोड झाला तं बाईला अर्धा घर नि दरसाल पोटाला भात. पन तुजं लगीनच नाय, तं मोडायचं काय?"

सोळा वर्षं कुणाची चूल पेटवली, हे विचारावंसं एकाही शहाण्याला वाटलं नाही. जैतू मेला मान खाली घालून हसत होता.

चार महिन्यांनी रूपाला मागणी आली. गोरख नावाचा पोरगा, कामसू, दारू न पिणारा. आता जैतूचं अडलं. तो चिंधीच्या भावाच्या पडवीत येऊन बसला.

"चिंधे, पोरीसाठी येक दिस माज्यासंगं पाटावर बस."

"बसते. पन त्याच सांजेला काडीमोड. नि घराची वाटणी."

"पोरीचं होऊ दे. मग करू."

"मग तू मला वळख तरी देशील का?"

काशिरामनेही समजावलं, "आठ दिस थांब गो." चिंधी ऐकेना. सोळा वर्षं 'मग करू' ऐकून तिचे कान किटले होते.

सोमवारी सकाळी दोघांना हळद लागली. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. अंगाला हळद लागली तेव्हा चिंधी लाजली, आणि लाजल्याचा तिला स्वतःचाच राग आला. संध्याकाळी पंचांसमोर दोघांनी एक काडी धरून मोडली. घराच्या मधोमध विटांची भिंत उठली, चुलीकडची बाजू चिंधीची झाली. दरसाल दोन मण भात ठरला. तो येणार नाही हे तिला ठाऊक होतं, पण छप्पर तरी हातात आलं होतं. ती जिंकली होती.

आठ दिवसांनी रूपाच्या मांडवात बायांनी आईबापांना पाटावर बोलावलं. चिंधी नवं लुगडं सावरत उठली.

"तू नको गो," काशिराम खालच्या आवाजात म्हणाला. "काडी मोडलेल्या बाईनं हळद नाय लावायची."

ही रीत तिला माहीत होती. दुसऱ्यांच्या मांडवात अशा बायांना मागे बसवताना तिनेच पाहिलं होतं. पण घराच्या नादात ती आपल्यालाही लागेल, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. जैतूच्या डोक्यात मात्र ते बरोबर आलं होतं. त्याने परवाच भामाला हळद लावून घेतली होती. आता ती त्याच्या शेजारी पाटावर बसली.

घर परत घ्या, पण मला तिथे बसू द्या, असं ओरडावंसं चिंधीला वाटलं. रूपा मान वळवून आईला शोधत होती. भामाने वाटीत बोटं बुडवली आणि घाईघाईने पोरीच्या गालाला लावली.

"नीट लाव गो," चिंधी मागून म्हणाली. "कानामागं राहिली."

भामाने पुन्हा वाटीत बोटं बुडवली आणि रूपाच्या कानामागे हळद लावली.