ताईने सही केली नाही

ताई एका कोटाचं अस्तर उसवत बसली होती, तेव्हा तिच्या शिवणाच्या दुकानात तिघंजण शिरले. पुढे काका, मागे वहिनी आणि सगळ्यात शेवटी गल्लीतल्या देवळातले प्रवचनकार. काकांच्या हातात कागदांचा गठ्ठा होता.

आठ वर्षांपूर्वी ताईचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, गोदामाची राखण करत असताना चोरी करायला आलेल्या एकाने त्याचं डोकं पहारीने फोडलं होतं. तो पकडला गेला, गुन्हा कबूल केला, फाशी ठरली. आता त्याने दयेचा अर्ज केला होता आणि तो फेटाळला जावा म्हणून काका गल्लीभर सह्या गोळा करत फिरत होते.

"सख्ख्या बहिणीची सही सगळ्यात वर हवी," काका म्हणाले. "इथे, या रेघेवर."

"रेघ दिसतेय मला. सही करणार नाही."

वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला. "त्या मेल्याचा पुळका आला तुम्हाला, ताई?"

"पुळका?" ताईने कात्री टेबलावर आपटली. "त्याचं नाव निघालं तरी अंगाची लाही लाही होते माझ्या. समोर आला तर दातांनी फाडीन. म्हणूनच सांगते, माझ्या रागाच्या हाती कुणाचा गळा देऊ नका!"

प्रवचनकार खाकरले. "बाई, पाप्याला शासन करणं हा धर्मच आहे."

"करा की शासन! मरेपर्यंत कोंडून ठेवा. पण जीव देणारा तो वर बसलाय, न्यायचा हक्कही त्याचाच, हे गेल्या आठवड्यात तुम्हीच सांगितलंत ना? पश्चात्तापाचं दार शेवटच्या श्वासापर्यंत उघडं असतं म्हणालात. मग तो शेवटचा श्वास कधीचा, ते आता काकांच्या गठ्ठ्यावर ठरणार?"

"तत्त्वाची गोष्ट वेगळी आणि..."

"आणि व्यवहाराची वेगळी. कापड दाखवायचं एक आणि शिवायचं दुसरं. आमच्या धंद्यात त्याला लबाडी म्हणतात."

"लोक तोंडात शेण घालतील," काका पुटपुटले.

"घालू देत. माणूस मारणं वाईट म्हणून आठ वर्षं ऊर बडवला आपण. आता तेच काम सरकारने केलं की चांगलं? निघा!"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती सरकारी कचेरीत गेली. 'माझ्या भावाच्या नावाने कुणाला मारू नका,' असा अर्ज तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. कारकुनाने तो दोनदा वाचला.

"आरोपीच्या कोण तुम्ही?"

"मेलेल्याची बहीण."

"मग चुकीच्या खिडकीवर आलात, बाई."

"खिडकी बरोबर आहे. तुम्ही शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला. त्याचा उपयोग मात्र शून्य. चार महिन्यांनी दयेचा अर्ज फेटाळला गेला आणि पुढच्याच महिन्यात एका सकाळी त्या खुन्याला फाशी दिली. काकांनी धापा टाकत येऊन वर्तमानपत्र ताईच्या मशीनवर आपटलं. "फिटलं एकदाचं!"

"काय फिटलं? दादा जेवायला येतोय का घरी?" ताईने वर्तमानपत्राचा बोळा केला आणि काकांना दंडाला धरून पायरीखाली उतरवलं. वडीलधाऱ्या माणसाला तिने असं कधी केलं नव्हतं. पण पस्तावा म्हणून वाटला नाही.

संध्याकाळी वहिनी आली. सहीच्या दिवसापासून तिने ताईशी बोलणं टाकलं होतं, कपडेसुद्धा दुसरीकडे शिवायला दिले होते. ती आत येऊन स्टुलावर बसली.

"कोर्टात तो खुनी म्हणाला होता, मरताना हे काहीतरी बोलत होते," ती म्हणाली. "मी तेव्हा कान झाकून घेतले. ऐकवेना. मध्यंतरी वाटलं, तुरुंगात जाऊन त्यालाच विचारावं, काय म्हणाले ते. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिले."

ताईने मशीनवरचं कापड बाजूला सारलं.

"दुसरं कुणी नव्हतं हो तिथे. आता विचारायचं कुणाला?"

ताईला तिचा भयंकर राग आला. काकांचा आला, त्या खुन्याचा आला, पळून न गेलेल्या दादाचाही आला. तिने दुसरं स्टूल ओढलं आणि वहिनीला खेटून बसली. दोघी एकमेकींकडे न बघता रडल्या.