अण्णांनी आवळलेले बोल्ट

अंगदने आपल्या जीपला हार घातला होता. समोरच्या काचेवर लाल रंगात 'अण्णांचा आशीर्वाद' असं लिहून घेतलं होतं. मागच्या सीटवर त्याची बायको वनमाला आणि लहान मुलगी आरोही येऊन बसल्या होत्या. पालीतल्या आमच्या गॅरेजमधून निघून मांजरसुंब्याचा घाट चढायचा आणि जेवणाआधी पाटोद्याला घर गाठायचं, असा त्यांचा बेत होता.

अण्णांना, माझ्या वडिलांना, समाधी दिल्यापासून आमचं गॅरेज बंद होतं. धाकट्या भावाने, वीरेशने, आदल्या दिवशी शटर उघडलं. अण्णांच्या हातून अर्धवट राहिलेल्या जीपला खालून ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं झाकण, बसवलं, तेल भरलं आणि इंजिन चालू केलं. मला हे गाडी न्यायला माणसं आली तेव्हा कळलं.

मी वीरेशला आत बोलावून विचारलं, कनेक्टिंगचे बोल्ट टॉर्कला आवळलेस का? तो म्हणाला, अण्णांनी आवळलेत. टॉर्क पाना इंजिनाखालीच पडला होता, त्यावरून त्याने तसं धरलं होतं.

हे बोल्ट पिस्टनचा दांडा धरून ठेवतात. ठरलेला जोर बसला की टॉर्क पाना टक असा वाजतो आणि हात थांबवायचा असतो. कमी आवळला तर बोल्ट हळूहळू सुटतो, दांडा इंजिन फोडून बाहेर येतो. गाडी घाटात असेल तर पुढचं कुणी बोलत नाही. जास्त आवळला तर बोल्ट ताणला जातो. म्हणून अण्णांचा नियम होता, एकाने आवळलेल्या बोल्टावर दुसऱ्याने पाना लावायचा नाही. त्यात त्या बोल्टाचा घात आणि पहिल्या माणसाचा अपमान.

वीरेश नियमाने वागला होता.

पण अण्णांच्या शेवटच्या संध्याकाळी तो बीडला सामान आणायला गेला होता आणि गाडीखाली बॅटरी धरून मी बसले होते. अण्णांनी सगळे बोल्ट साध्या पान्याने, पुरते न आवळता, नुसते टेकवले. मग टॉर्क पाना शोधू लागले. पाना त्यांच्या मांडीजवळच होता. मी तो हातात दिला. त्यांनी त्याच्याकडे एखाद्या परक्या वस्तूकडे पाहावं तसं पाहिलं, खाली ठेवला आणि म्हणाले, "झालं." दमले असतील, सकाळी करतील, असं मला वाटलं. सकाळ त्यांनी पाहिली नाही.

टक असा आवाज मी एकदाही ऐकला नव्हता.

वीरेशला मी एवढंच म्हणाले की काम अर्धं राहिलंय, चेंबर उतरव. त्याचा चेहरा उतरला. "अण्णांच्या हातावर मी पाना लावू? मोठा झालो का लई?"

अंगद दारात येऊन ऐकत होता. तो शांतपणे म्हणाला, "ताई, तुमी दुःखात हाव. पन म्हाताऱ्याचा शेवटचा हात हाय ह्या इंजनाला. कुनाला खोलू देनार न्हाई मी." आई, गंगासागर, ओट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. मेलेल्या माणसाच्या कामाला नावं ठेवणारी लेक तिला तिथे नको होती.

अंगदने गाडी चालू केली. इंजिन गोड चालत होतं. त्या गोड आवाजाच्या खाली कुणी नखाने पत्रा वाजवावा तसं काहीतरी होतं. कदाचित ते मलाच ऐकू येत होतं. आरोहीने काचेतून मला हात केला.

मी जाऊन बॉनेटसमोर उभी राहिले.

"ते बोल्ट अण्णांनी आवळलेले नाहीत," मी म्हणाले. "मी आवळले. त्यांचे हात थरथरत होते. मी म्हटलं, द्या इकडे."

अंगदने इंजिन बंद केलं. मग वीरेशकडे बघून म्हणाला, "बाईमानसानं आवळलेलं इंजन घेऊन घाट चढवत होतास बे मला?"

पाच मिनिटांपूर्वी ज्याला हात लावू देत नव्हते, ते चेंबर आता लगेच उतरलं. वीरेशने पहिल्या बोल्टाला पाना लावला, तो सहज फिरला. दुसऱ्याला पान्याची गरज पडली नाही, बोटांनीच निघाला. आतलं बेरिंग घासून काळं पडलं होतं. अंगद वाकून बराच वेळ बघत राहिला, मग जाऊन त्याने मुलीला गाडीतून उचलून घेतलं.

आई आत निघून गेली. वीरेश गाडीखालून बाहेर आला. तेलाचे हात पुसत त्याने विचारलं, "ताई, अजून कशाकशाला हात लावलतास तू?"

दिवाळीपासून अण्णा वस्तू ठेवून विसरत होते. त्या काळात त्यांनी खोलून पुन्हा जोडलेली इंजिनं जिल्ह्याच्या कुठल्या कुठल्या रस्त्यांवर धावत होती. काय आवळलं, काय नुसतं टेकवलं, हे आता कुणीच सांगू शकणार नव्हतं.

"आठवत नाही नीट," मी म्हणाले. "तू दिवाळीपासूनच्या गाड्या सांग."

तो माझ्याकडे न बघता सांगू लागला. सिदूचा टेम्पो. भगवानरावांचा ट्रॅक्टर. शाळेची पोरं नेणारी व्हॅन.

प्रत्येक गाडीला मी हो म्हणत गेले.