फॉर्ममध्ये खरं लिहायचं तर

“वहिनी, घेऊन टाका म्हणतो ना! नियम बदलले की हात चोळत बसाल.” शशीभावजींची ही टकळी गेले सहा महिने चालू आहे. इथलं, इंग्लंडचं सरकार म्हणे शॉटगनचं लायसन्स रायफलइतकं कडक करणार. कधी, कसं, कुणाला पत्ता नाही. आमच्या स्लाऊजवळच्या शूटिंग क्लबात एक म्हणतो होणार, दुसरा म्हणतो बारगळलं.

नियम गेले खड्ड्यात, मला बंदूक हवीच होती. मी पाच फुटांची बाई आणि क्लबच्या बंदुका धिप्पाड गोऱ्यांच्या मापाच्या. दर रविवारी खांदा काळानिळा! दुकानात आखूड दस्त्याची एक सेकंडहँड बंदूक बघून ठेवली होती. खांद्याला लावली तेव्हाच आवडली.

गाडी अडली ती फॉर्मपाशी. त्यात सरळ प्रश्न होता: कधी डिप्रेशनवर उपचार घेतलेत का?

घेतले होते. पाच वर्षांपूर्वी माझे मिस्टर, पद्माकर गेले आणि मी आठ महिने गोळ्यांवर होते. सगळ्यांना सांगितलं, थायरॉइड आहे. आपल्या बायकांत थायरॉइड किती सोयीचं! रडणं, झोप, वजन, सगळं त्यात खपतं, वर चारचौघी आपापला डोस सांगतात. माझ्या मुलाला, कबीरलाही मी तेच सांगितलं. डॉक्टर म्हणाल्या घराबाहेर पडा, तेव्हा पद्माकरांचे मित्र म्हणून शशीभावजींनी मला ओढत क्लबात नेलं. नेमासाठी उडवतात ती केशरी तबकडी माझ्या बारानं पहिल्यांदा हवेत फुटली आणि मी मोठ्यांदा हसले. कित्येक महिन्यांनी हसले हो!

आता खोटं लिहावं, तर पोलीस डॉक्टरांना विचारणारच. शिवाय बंदुकीच्या बाबतीत खोटं? छे! खरं लिहावं, तर ते घरी येणार आणि कबीरसमोर सगळं निघणार. दोन आठवडे फॉर्म ड्रॉवरमध्ये पडून होता. भावजींचा फोन आला की मी उगाच खेकसायची. शेवटी एकदा जेवताना सांगून टाकलं.

कबीरनं चमचा खाली ठेवला. “म्हणजे थायरॉइड नव्हतं?”

“नव्हतं रे.”

“मी मँचेस्टरला होतो, आई. युनिव्हर्सिटीत. दुसऱ्या देशात नव्हतो! नेक्स्ट ट्रेननी आलो असतो.”

“तुझी परीक्षा होती.”

“सो व्हॉट?” तो ताडकन उठून वर गेला. दोन दिवस घरात अबोला. बंदूक राहिली बाजूला, पोरगा दुरावला की काय, या विचारानं माझं काळीज तुटत होतं. तिसऱ्या दिवशी तो चहा घेऊन आला, शेजारी बसला आणि म्हणाला, “फॉर्म दे. आपण नीट भरू.”

दीड महिन्यानं पोलिसांकडून एक बाई चौकशीला आल्या. बंदुकीचं कपाट भिंतीला पक्कं आहे का, किल्ली कुठे ठेवणार, सगळं विचारून झालं. मग त्या कबीरकडे वळल्या. “तुमच्या आईंची तब्येत पुन्हा तशी झाली, तर तुम्हाला कळेल का?”

“मागच्या वेळी नाही कळलं,” कबीर म्हणाला.

मेल्या! झालं, संपलं सगळं, असं मी मनात म्हटलं.

“आता कळेल,” तो पुढे म्हणाला. “आता ती मला खरं सांगते. आणि तसं काही वाटलं, तर मीच तुम्हाला फोन करीन, बंदूक घेऊन जा म्हणून.”

बाईंनी बराच वेळ लिहून घेतलं. निकालाला वेळ लागेल, म्हणाल्या, आणि गेल्या.

“बंदूक घेऊन जा म्हणे! शहाणा!” मी ओरडले आणि तिथेच मला रडू कोसळलं. पण जीव इतका हलका झाला होता की काय सांगू! लायसन्स मिळालं तर बंदूक घ्यायची, नाही मिळालं तर नाही. मग नियम केव्हाही बदलोत.

कबीर मात्र हलेना. “आता सांग,” तो म्हणाला.

“काय?”

“ते आठ महिने. पहिल्यापासून.”

मी डोळे पुसले आणि सांगायला लागले.