कुटार भरलेली फरी

मित्रांनो, मला कोणी ढाल म्हटलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ढाल लढाईवर जाते, मिरवते, तिच्यावर पितळी फुलं बसवतात. मी एक जुनी फरी आहे. लढाई शिकताना डाव्या हातात जिला धरतात आणि जिच्यावर समोरच्याच्या लाकडी गदग्याचे वार झेलतात, ती मी. माझा जन्मच मार खाण्यासाठी झाला. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं गाऱ्हाणं दुसरंच आहे.

वऱ्हाडातल्या अंजनगावात मला बनवलं. वेताचं कडं, त्यावर म्हशीचं कमावलेलं चामडं आणि मागे हात घालायला दोन वाद्या. पण फरीचा जीव असतो तिच्या पोटात. पिंजाऱ्याने पिंजलेला कापूस हुसेन उस्तादांनी समोर बसून माझ्यात ठासून भरून घेतला. उस्ताद पूर्वी एलिचपूरच्या पलटणीत होते. बंदुकीची दारू संपली आणि शत्रू अंगावर आला म्हणजे माणसाजवळ काय उरतं, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढंच ते तालमीत शिकवत. कुस्ती, लाठी, फरीगदगा आणि हातातलं हत्यार पडलं तर समोरच्याचं मनगट कसं धरायचं ते.

"फरी हाताची माय असते," ते म्हणत. "ते मार खाते म्हून पोराचा हात वाचते. मायले उपाशी ठेवू नका रे!"

दर जोडी खेळायला उतरण्याआधी ते फरीत अंगठा रुतवून बघत. अंगठा दबून वर आला तरच हात फिरवायला परवानगी.

मी पुंजारामच्या हातात होते. पंजाबराव पाटलांचा हा एकुलता एक मुलगा. रोज पहाटे तालमीत आणि संध्याकाळी घरच्या अंगणात तो मला घेऊन घाम गाळायचा. पलटणीला नव्या शिपायांना हातघाई शिकवणारा एक जवान हवा होता आणि दसऱ्याला सुभेदार स्वतः येऊन तो निवडणार होते. पुंजारामला दुसरं काही सुचत नव्हतं. जेवतानाही त्याचं डावं मनगट आपोआप वार अडवायला वर जायचं आणि त्याची आई माणिकबाई हसायची.

पंजाबरावांना मात्र हसू येत नव्हतं. त्या वर्षांत वऱ्हाडाला कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापार अमेरिकेत दोन फौजा एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या, तिकडचा कापूस अडकला होता आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. अमरावतीच्या बाजाराकडे गाड्यांची रांग लागायची. पंजाबरावांनी आधी कोठार रिकामं केलं, मग गाद्या उसवल्या, मग उशा. घरातली माणसं घोंगडीवर निजू लागली.

"कापूस सोनं होऊन राह्यला," ते मुलावर खेकसत, "अन् हा पोट्टा लाकडं फिरवून राह्यला!"

अष्टमीच्या दुपारी गाडी निघायची होती आणि शेवटचं पोतं थोडं अपुरं होतं. पुंजाराम परगावी गेलेला, तो दुसऱ्या दिवशी पूजेलाच परतणार होता. पंजाबरावांची नजर घरभर फिरली आणि खुंटीवर, माझ्यावर येऊन थांबली.

"अवं, ते फरी हाय! पोराच्या हातातली!" माणिकबाई ओरडल्या.

"मंग काय झालं? वार तं चामडं झेलते. आत कोन पाहून राह्यलं? तुरीचं कुटार भरतो."

माझी शिवण उसवली. उस्तादांनी ठासलेला कापूस त्या पोत्यात गेला आणि जनावरांपुढे टाकायचा तुरीचा भुसा, ते कुटार, माझ्या पोटात आलं. वरून पंजाबरावांनी टाके इतके सफाईने घातले की मीच थक्क झाले. माणिकबाईंना त्यांनी गप्प बसवलं. आणि मी? मला तोंड असतं तर मी गाव गोळा केलं असतं!

दुसऱ्या दिवशी खांडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत कोणी हलवत नाही. मला पाटावर मांडलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. पुंजारामने डोकं टेकवून नमस्कार केला. वरून कीर्तन, आतून तमाशा म्हणतात तो हाच. अरे बाबा, नमस्कार नको, नुसता एकदा दाबून बघ, असं मला झालं होतं.

दसऱ्याला त्याने मला पाटावरून उचललं ते थेट आखाड्यात नेलं. सुभेदार आले होते, गाव लोटलं होतं. समोर उस्तादांचा मुलगा वाहेद गदगा तोलत उभा होता. उस्तादांनी सवयीने अंगठा पुढे केला आणि माझ्यावरचं पूजेचं कुंकू पाहून मागे घेतला. ते पुसायला नको, असं त्यांना वाटलं असावं. इतका भला माणूस, पण त्या दिवशी मला त्यांचाही राग आला.

"खेळ नाही पाहिजे," सुभेदार म्हणाले. "खरा वार करा."

पुंजाराम काय सुरेख लढला! पहिले वार त्याने माझ्यावर तिरके घेतले आणि बाजूला घालवले. प्रत्येक फटक्याला माझ्या पोटातलं कुटार चुरत होतं, एका अंगाला सरकत होतं. मग वाहेदने सरळ माथ्यावर गदगा आणला. पुंजारामने मला अगदी वेळेवर वर धरलं. त्याची काहीच चूक नव्हती. चामडं दबलं, आत आधार नव्हता आणि मनगट काडीसारखं मोडलं.

ती जागा वाहेदला मिळाली. तो रडतच पलटणीत गेला.

हाडं बसवणाऱ्या गोदाबाई पाटलांच्या घरी आल्या. हाड जागेवर बसवून त्यांनी बांबूच्या कामट्या काढल्या आणि म्हणाल्या, "खाली घालाले कापूस आना. नाई तं कामट्या मांसात रुततीन."

पंजाबराव कोठारात धावले. मग गाद्यांकडे, मग उशांकडे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेतातली बोंडं अजून फुटली नव्हती. गाड्या भरभरून बाजाराला कापूस पाठवणाऱ्या घरात मूठभर कापूस नव्हता. पाटील दारात उभे राहिले. त्यांचे हात रिकामे होते.

तेव्हा हुसेन उस्ताद स्वतःची फरी घेऊन आले. पलटणीतली, आयुष्यभर जपलेली. त्यांनी सुरीने तिचं पोट फाडलं आणि आतला पिवळट कापूस गोदाबाईंपुढे ठेवला.

"घ्या पाटील," एवढंच म्हणाले.

मी जवळच भिंतीला टेकून होते. माझ्या पोटात कुटार कोणी भरलं, ते माणिकबाईंनी एव्हाना सगळ्यांना सांगितलं होतं. पुंजारामचा हात मी वाचवू शकले नाही, हे एक दुःख. पण मोडल्यावर त्याच्याखाली घालायलाही माझ्याजवळ काही नव्हतं, हे मला आजही सहन होत नाही.

पुढे अमेरिकेतली लढाई थांबली आणि भाव कोसळले. कापूस अंगणात पडून राहू लागला. पुंजाराम वाकड्या मनगटाने उस्तादांची तालीम चालवू लागला. नवा गडी आला की तो मला खुंटीवरून काढतो, त्याचा अंगठा माझ्यात रुतवतो आणि म्हणतो, "पाह्य. असं नाई पाहिजे." मग मला परत खुंटीवर टांगतो.

दर हंगामाला पंजाबराव धोतराच्या सोग्यात कापूस घेऊन तालमीच्या दाराशी येतात. आता पार थकलेत.

"पुंजा, आतातरी ते फरी भर रे."

"नाई बा. राहू द्या तशीच. पोट्ट्याईले दाखवाले लागते."

म्हातारा कापूस उंबऱ्यावर ठेवून निघून जातो. तो कापूस दुसऱ्या फऱ्यांत भरला जातो.

मित्रांनो, माझ्याकडे बघून सगळे शहाणे होतात आणि मी आहे तिथेच लटकते. मला धडा व्हायचं नव्हतं हो, मला फरी व्हायचं होतं! तेव्हा घ्यायचा तो धडा घ्या, आपल्या माणसाला वाचवणारी वस्तू आतून दाबून पाहत जा. पण तुमच्यापैकी कोणी त्या तालमीत गेलंच, तर पुंजारामला माझा निरोप सांगा. म्हणावं, बाप उंबऱ्यावरून परत जायच्या आत मला एकदा खाली काढ आणि त्याच्याच हाताने माझं पोट भरून घे.