शुक्रवारी दहाच्या आत

आमच्या कामात गप्प बसणं म्हणजे होकार. ब्रसेल्समध्ये सत्तावीस देशांकडून एखादा मसुदा घाईने मंजूर करून घ्यायचा असला की तो सगळ्यांना मेलने पाठवतात आणि खाली एक वेळ लिहितात. त्या वेळेच्या आत कोणी हरकत घेतली नाही, तर मसुदा मंजूर. हात वर करायला नकोत, सह्या नकोत, बैठकही नको. याला आम्ही 'मौन' म्हणतो, आणि हरकत घेण्याला 'मौन मोडणं'. नवीन येणाऱ्यांना हे ऐकून हसू येतं. चौदा वर्षांपूर्वी मलाही आलं होतं.

मी वोय्को. आमच्या देशाच्या, म्हणजे स्लोव्हेनियाच्या, ब्रसेल्समधल्या कचेरीत सीमा आणि प्रवास हे विषय माझ्याकडे असतात. माझं गाव नवी गोरित्सा. आमच्या रेल्वे स्टेशनसमोरचा चौक अर्धा आमचा आणि अर्धा इटलीचा. पलीकडे जुनी गोरित्सा. माझ्या लहानपणी मध्ये कुंपण होतं, पुढे ते काढलं, आणि लोक ब्रेड आणायला एका देशातून दुसऱ्या देशात चपला घालून जायला लागले. साथीच्या त्या वसंतात एके सकाळी ट्रकमधून जाळ्या आल्या आणि दुपारपर्यंत चौक पुन्हा कापला गेला.

त्या जाळीपासून चारशे पावलांवर, पलीकडे, एका वृद्धाश्रमात आमची आई होती. तिचा जन्म तिकडचाच. वडील गेल्यावर 'आता मला माझ्या गल्लीत राहू द्या' असा हट्ट धरून ती तिकडे गेली. माझी मोठी बहीण नेवेन्का चौकाच्या अलीकडे, आमच्या बाजूला राहायची आणि रोज दुपारी डबा घेऊन जायची. डब्यात बहुतेक वेळा योता, म्हणजे आंबवलेला कोबी, घेवडा आणि बटाटा घालून केलेलं आमच्याकडचं दाट सूप. आश्रमातलं जेवण आई ताटातल्या ताटात सरकवून ठेवायची. "यांना कोबी आंबवता येत नाही," ती म्हणायची, "नुसता उकडून माणसांना घालतात." एवढं सोडलं तर तिची तक्रार नव्हती.

चौक बंद झाला आणि डबाही बंद झाला. आठवड्याभरात आईचं हृदय थकलं. साथीची लागण नव्हती, म्हातारपण होतं. फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी नेवेन्काला फोनवर सांगितलं. घरच्या एका माणसाला मास्क लावून आत सोडू, असंही म्हणाले. आश्रमाचं दार उघडं होतं. बंद होता तो फक्त चौक.

नेवेन्का मला रोज सकाळी फोन करायची.

"काय साहेब, झाले का नियम करून?"

"चाललंय."

"तुमचं चालतंय, माझं चालणं बंद झालंय. तिकडे तुम्ही किती जण आहात?"

"सत्तावीस देश."

"सत्तावीस जणांना मिळून एक म्हातारी भेटवता येत नाही?"

सगळ्या देशांनी सीमा बंद करताना कोणाला सोडायचं, याची एक समान यादी आम्ही तयार करत होतो. ट्रकवाले, डॉक्टर-नर्स, शेतावरचे हंगामी मजूर. दुसऱ्या मसुद्यात मी एक ओळ घालून घेतली: मरणासन्न आप्ताला भेटायला जाणारी व्यक्ती. त्यासाठी मी तीन तास भांडलो होतो. ओळ आत गेली त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. नेवेन्काला फोन करून मीच म्हणालो, "शुक्रवारी मंजूर होईल. शुक्रवारी दुपारी तू आईकडे जा."

"नक्की?"

"नक्की. ती ओळ मी लिहिलीय."

फोनवर ती रडली. ती सहसा रडत नाही. मग म्हणाली, "आईला सांगते. तेवढंच तिला बरं वाटेल."

गुरुवारी संध्याकाळी चौथा मसुदा आला. खाली लिहिलं होतं: मौन शुक्रवारी सकाळी दहापर्यंत. मी नेहमीप्रमाणे जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून वाचायला बसलो. माझी ओळ नव्हती. तिच्या जागी 'किंवा तत्सम अत्यावश्यक कारण' एवढेच शब्द होते.

मी काही विचारायच्या आत मार्गितचा फोन आला. त्या सहामाहीत अध्यक्षपद तिच्या देशाकडे होतं, आणि सत्तावीस जणांची मोट बांधायचं काम तिच्याकडे. चांगली बाई, पण तीन आठवडे धड झोपली नव्हती.

"वोय्को, ती ओळ एका मोठ्या देशाला पचत नाहीये. म्हणतात, आप्त म्हणजे कोण, मरणासन्न म्हणजे किती, कोण ठरवणार. मी शब्द रुंद केलेत. 'अत्यावश्यक कारण' म्हटलं की त्यात तुझी ओळ बसते."

"बसते खरी," मी म्हणालो.

"मग उद्या तू काही मोडणार नाहीस ना? तुझ्यासारखा अभ्यासू माणूस एकच आहे, नाहीतर मी वेडी झाले असते."

हा टोमणा होता. मौन न मोडताही ते थांबवायची एक वाट आमच्याकडे असते. 'आमच्या देशाचा या मसुद्याचा अभ्यास अजून चालू आहे. तोवर आमची संमती धरू नये.' दोन ओळींचा मेल. त्याला राजधानीची परवानगी लागत नाही, माझ्यासारखा साधा अधिकारीही तो पाठवू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत मी तो तीनदा पाठवला होता. तिसऱ्या वेळी आमचे राजदूत सगळ्यांदेखत म्हणाले होते, "वोय्को, तुझा अभ्यास संपणार कधी? एकदा परीक्षेला तरी बस." सगळे हसले होते. तेव्हापासून बाकीच्या कचेऱ्यांतही माझं नाव अभ्यासू पडलं होतं.

शुक्रवारी सकाळी नऊ चाळीसला मी तो दोन ओळींचा मेल लिहून ठेवला. नऊ पन्नासला पुन्हा वाचला. राजधानीतून 'हरकत नाही' असा निरोप आलेला होता. त्यांना माझी ओळ आहे की नाही याचं सोयरसुतक नव्हतं. मी हरकत घेतली तर सगळा मसुदा सोमवारवर जाणार, सीमेवर अडकलेले ट्रक तीन दिवस आणखी अडकणार, आणि त्याला कारण मी होणार. आईसाठी सत्तावीस देशांना थांबवलं, असं कोणी म्हटलं तर? ही भीती मला खरी वाटली. आता ती खरी होती की सोयीची, हे माझं मलाच सांगता येत नाही. मला वाटलं, शब्द रुंद आहेत. त्यात आई बसते.

दहा वाजले. दहा वाजून दोन मिनिटांनी मार्गितचा मेल आला: मौन अबाधित, मसुदा मंजूर, आत्तापासून लागू, सर्वांचे आभार. मी माझा न पाठवलेला मेल पुसून टाकला आणि कॉफी घ्यायला गेलो.

चौदा वर्षं कागदात राहून मी एक साधी गोष्ट विसरलो होतो. रुंद शब्द आमच्यासाठी असतात. जाळीपाशी उभ्या पोलिसाच्या हातात यादी असते.

सव्वाबाराला नेवेन्काचा फोन आला. मागे वारा आणि गाड्यांचे आवाज येत होते.

"वोय्को, हा मला सोडत नाहीये. तू बोल याच्याशी. अहो, घ्या, माझा भाऊ आहे, ब्रसेल्सला असतो, यानेच लिहिलाय तुमचा कागद."

फोनवर एक तरुण, थकलेला आवाज आला. "नमस्कार साहेब. बाई खोटं बोलत नाहीत, हे मला दिसतंय. पण यादीत नाही."

"शेवटी 'तत्सम अत्यावश्यक कारण' आहे बघा."

"आहे ना. दोन तासांत चौदा जणांनी तेच दाखवलं. एकाला कबुतरांना दाणे टाकायचे होते. आम्हाला सांगितलंय, जे नाव घेऊन लिहिलंय तेच सोडा, बाकीचं वरून विचारा. वर फोन लागत नाही."

"मरणाच्या दारात असलेल्या आईला भेटणं अत्यावश्यक नाही?"

"साहेब, मला वाटून काय उपयोग? तुम्हाला वाटत होतं, तर तुम्ही लिहायचं होतं."

तो उद्धटपणे बोलला नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी नेवेन्काला म्हणालो की घोळ झालाय, मोठे देश ऐकत नाहीत, मी बघतो. मोठे देश. केवढा सोयीचा शब्द. तिने लगेच विश्वास ठेवला.

"तू नको जिवाला लावून घेऊस," ती म्हणाली. "तू एकटा किती भांडणार."

दुपारभर मी फोन करत राहिलो. सोमवारी मेल करून ओळ परत घालायची विनंती केली. मार्गितने दहा मिनिटांत उत्तर दिलं: मजकूर बंद झालाय, पुढचा फेरविचार दहा दिवसांनी, शुक्रवारी सांगितलं असतंस तर काहीतरी करता आलं असतं. मंगळवारी पहाटे आई गेली.

बुधवारी नेवेन्का पुन्हा चौकात गेली. तोच पोलीस होता. त्याने यादीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "अंत्यविधी आहे यादीत. सातवा मुद्दा. या, बाई." त्याने जाळीचं फाटक स्वतः ओढून धरलं. ते नेवेन्काने मला फोनवर सांगितलं, तो किती भला होता म्हणून. सातवा मुद्दा पहिल्या मसुद्यापासून होता. त्यावर कोणी वाद घातला नव्हता. मेलेल्या माणसाच्या बाबतीत सगळ्यांचं पटकन एकमत होतं.

विमानं बंद होती. मला आईला खांदा देता आला नाही. दफनाला नेवेन्का, पाद्री आणि पेटी धरायला चार परकी माणसं होती. आमच्याकडे थडग्यापाशी कोणीतरी निरोपाचं बोलतं, मग गाणारे गातात. गाणाऱ्यांना परवानगी नव्हती. नेवेन्का एकटीच बोलली. काय बोलली, ते मी तिला कधी विचारलं नाही.

जूनमध्ये जाळ्या निघाल्या आणि मी घरी गेलो. नेवेन्काने स्वयंपाकघरातल्या टेबलावर योता वाढला. बाहेर लोक चौकात फोटो काढत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "वाळलास. त्या मोठ्या देशांनी तुला खाल्लंय अगदी. शेजाऱ्यांना मी सांगते, माझ्या भावाने शेवटपर्यंत सोडलं नाही."

तीन महिने हे मी ऐकून घेत होतो. आता चमचा तोंडाकडे जाईना.

"नेवेन्का, मी भांडलो नाही."

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. गुरुवारचा मसुदा, मार्गित, राजदूतांचा विनोद, नऊ चाळीस, नऊ पन्नास. माझं संपल्यावर तिने विचारलं, "बैठकीत कोणी विरोध केला?"

"बैठक नव्हती."

"मग ठरवलं कोणी?"

"कोणीच बोललं नाही, म्हणून ठरलं."

"आणि तू बोलला असतास तर?"

"थांबलं असतं. निदान सोमवारपर्यंत. सोमवारी बहुधा ओळ परत आली असती."

"किती लिहायचं होतं?"

"दोन ओळी. लिहिल्या होत्या. पाठवल्या नाहीत."

ती उठली. गॅसवरच्या पातेल्यावर झाकण ठेवलं, हात पुसले, पुन्हा समोर येऊन बसली. ती ओरडेल असं मला वाटलं होतं, आणि ओरडली असती तर फार बरं झालं असतं.

"तुला एक गोष्ट सांगणार नव्हते," ती म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून. तू एवढं भांडलास, वर हे कशाला, असं वाटायचं. दफनाच्या दिवशी तिथल्या नर्सने मला सांगितलं."

"काय?"

"त्या शुक्रवारी आई सकाळीच उठून बसली होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. केस विंचरून घेतले, निळा ब्लाऊज घालायला लावला, खुर्ची खिडकीपाशी सरकवून घेतली. नर्सला म्हणाली, माझ्या मुलाने कागद केलाय, मुलगी येतेय. दुपारी तिच्यासमोर ताट ठेवलं, तर तिने परत पाठवलं. घरून डबा येतोय म्हणाली." नेवेन्काने माझ्यापुढचा वाडगा जरासा माझ्याकडे सरकवला, सवयीने. "रात्रीचंही परत पाठवलं. डबा उशिरा येईल म्हणाली. त्यानंतर तिने काही खाल्लंच नाही, वोय्को."