हॅमस्टनचा फेरफटका

हॅमस्टन लॉक्स हे गाव कॉव्हेंट्रीपासून गाडीनं चाळीस मिनिटांवर. कालव्यावर बोटी वर-खाली करणाऱ्या पाणदरवाजांचे पाच लॉक्स, एक कमानीचा पूल, वाऱ्याच्या दिशेशी कायम भांडलेला चर्चवरचा पत्र्याचा कोंबडा, आणि जिथे पूर्वी बोटी ओढणारे घोडे बांधत त्या तबेल्यात आता कॅफे. माणसं तीनशेच्या आत, कुत्री बहुधा जास्त. सप्टेंबरातल्या एका शनिवारी गावाचा इतिहास सांगत सगळ्यांना कालव्याकाठानं फिरवायचं, ही इथली रीत. सांगणारा एकच. त्याला वर्षभर पबमध्ये मान.

तो मान यंदा डॉक्टर शशी देवस्थळींना हवा होता. निवृत्त झाल्यापासून दोन हिवाळे त्यांनी जुनी कागदपत्रं चाळण्यात घालवले होते. डॉक्टर भूलतज्ज्ञ. सुहासिनीबाई म्हणत, "चाळीस वर्षं लोकांना आडवं करून झोपवलंत, आता चालवत झोपवणार?" पण आरशासमोर चाललेली त्यांची तालीम त्या दाराआडून रोज ऐकत, आणि चुकलेलं साल तिथूनच दुरुस्त करत.

ऑगस्टात व्हिलेज हॉलमधल्या चहाला कमिटीच्या ग्लेनिसबाईंनी सर्वांदेखत विचारलं, "शशी, यंदा तुम्ही फिरवाल का सगळ्यांना?"

डॉक्टरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "छे, छे! मी कसला? कोणीतरी जाणकार बघा," असं इंग्रजीत म्हणून त्यांनी बिस्किटाकडे नजर वळवली.

आता देवस्थळींच्या घरात पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणणारा माणूस हावरट ठरतो. दुसऱ्यांदा विचारलं की मान हलवायची, तिसऱ्यांदा 'बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर'. डॉक्टर दुसऱ्या विचारण्याची वाट बघत राहिले.

"अरेरे, वाईट वाटलं," ग्लेनिसबाई म्हणाल्या आणि वळल्या. "क्लाइव्ह, तू?"

क्लाइव्ह म्हणजे बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा, दिवसाला अकरा शब्द बोलणारा गृहस्थ. "माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. चार शब्द खर्ची पडले आणि विषय मिटला. डॉक्टरांचं बिस्किट चहात पडलं.

घरी आल्यावर सुहासिनीबाईंनी विचारलं, "अहो, नाही का म्हणालात?"

"मी नाही म्हणालो नाही. नको म्हणालो."

"चाळीस वर्षं झाली या देशात!"

मुलीला, वरदाला, फोन केला तर तिचं वेगळंच. "बाबा, they asked, you said no. इथे असंच असतो. आता ग्लेनिसला सांग ना, आय वॉन्ट इट."

"मागून घेऊ? मागून घेतलेला मान म्हणजे काय मान?"

"मग बस घरी," वरदा म्हणाली. एवढं मराठी तिचं पक्कं होतं.

ठरलेल्या शनिवारी पस्तीस माणसं आणि नऊ कुत्री जमली. डॉक्टर शेवटी उभे, चेहरा हसरा, म्हणजे दाढ दुखत असल्यासारखा. क्लाइव्ह कागदावरून वाचत होता. पुलापाशी कोपऱ्यावर बसवलेली लोखंडी पट्टी आहे, तिच्यात बोटभर खोल चरे पडलेत. क्लाइव्ह म्हणाला, "इथे नाविक सुऱ्यांना धार लावत."

डॉक्टरांच्या घशातून आवाज आला.

"शशी, ठीक ना?" क्लाइव्हनं विचारलं. "काही सांगायचंय?"

"नाही, नाही. छान चाललंय."

"पुन्हा केलंत," सुहासिनीबाई पुटपुटल्या.

पण डॉक्टरांची नजर क्लाइव्हच्या मानेवर होती. तिथली शीर उडत होती. असा घाबरलेला माणूस त्यांनी रोज ऑपरेशनच्या टेबलावर पाहिला होता. ते पुढे झाले. "क्लाइव्ह, दमला असशील. मी जरा वाचू का?"

"नको, नको. मी ठीक आहे," क्लाइव्ह म्हणाला आणि कागद आणखी घट्ट धरला.

सुहासिनीबाईंना हसू आवरेना. गावात एकच देवस्थळी आहे असं त्या इतके दिवस समजत होत्या.

डॉक्टरांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे. मग भूल देण्यापूर्वी पेशंटशी बोलत तशा स्वच्छ आवाजात म्हणाले, "क्लाइव्ह, मला हे करायचंय. मला पहिल्यापासून करायचं होतं. मला दे."



"देवाशपथ?" क्लाइव्हनं कागद त्यांच्या हातात कोंबला. "तीन आठवडे घशाखाली घास उतरत नाही माझ्या. सगळ्यांसमोर नाही म्हणवेना."

"पण शशी, तुम्ही तर नको म्हणाला होतात!" ग्लेनिसबाई.

"तुम्ही परत विचारलंच नाहीत."

"परत विचारायचं? आमच्याकडे त्याला छळणं म्हणतात!"

हशा पिकला. क्लाइव्ह सुहासिनीबाईंशेजारी येऊन उभा राहिला आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यानं पूर्ण श्वास घेतला.

डॉक्टरांनी कागद घडी करून खिशात टाकला आणि पट्टीवर हात ठेवला. "हे चरे सुऱ्यांचे नव्हेत. दोर. ओला, वाळूनं माखलेला दोर. घोडा पुढे, बोट मागे, वळणावर दोर इथे घासायचा. शंभर वर्षं घासला. बोटं घालून बघा."

एकेक जण बोटं घालून बघू लागला.

"आणि चर्चच्या रजिस्टरमध्ये एक मुलगी आहे, हॅना. पुलाखाली बांधलेल्या बोटीत जन्मली. पत्त्याच्या रकान्यात पाद्रीबुवांनी एकच शब्द लिहिलाय, 'कालवा'. मीही या देशात नऊ हॉस्पिटलांच्या क्वार्टर्समधून राहिलो. फॉर्म भरताना पत्त्याशी पेन थांबायचं. ही हॅना मला फार आधी भेटायला हवी होती."

 ग्लेनिसबाईंची बोटं अजून त्या चऱ्यात होती.

"पुढे चला," डॉक्टर म्हणाले. "अजून चार लॉक्स आहेत, आणि मी काहीही गाळणार नाहीये."

"नाहीच गाळणार," सुहासिनीबाई क्लाइव्हला म्हणाल्या, आणि दोघं सर्वांत मागून, आरामात निघाली.